‘वीज गेली’ म्हणजे नेमके काय झाले?

चेन्नईतील तिरुवल्लिकेणी ही मरीना किनाऱ्यालगत, पार्थसारथी मंदिराभोवती वाढलेली जुनी वस्ती आहे. तिरु म्हणजे पवित्र, अल्लि म्हणजे कुमुद आणि केणी म्हणजे तळे. इंग्रजी अमदानीत या नावाचे ‘ट्रिप्लिकेन’ झाले. उच्चार सोपा झाला, पण नावातले तळे आटून गेले. शब्द बदलला की अर्थ कसा हरवतो, याचे हे निरुपद्रवी उदाहरण. विजेच्या बाबतीत मात्र हरवलेल्या अर्थाची किंमत मोजावी लागते आणि ती कशी, हेही याच शहराच्या अनुभवावरून सांगता येते.

या वस्तीच्या अरुंद गल्ल्यांत ‘मॅन्शन’ म्हणून ओळखली जाणारी जुनी निवासस्थाने आहेत. शिकणारे आणि नोकरीच्या शोधात आलेले तरुण तेथे लहानशा खोल्यांतून राहतात. मे महिन्याच्या रात्री अशा खोलीतला पंखा थांबला की तमिळमध्ये दोन शब्दांपैकी एक उमटतो : ‘मिन्वेट्टु’ किंवा ‘मिन्तडै’. मिन् म्हणजे वीज. वेट्टु म्हणजे कापणे, तडै म्हणजे अडथळा. रोजच्या बोलण्यात दोहोंची सरमिसळ होते, तरी भेद भाषेत शिल्लक आहे. पहिल्या शब्दात वीज कापणारा कुणीतरी आहे. दुसऱ्यात वाटेत काहीतरी आडवे आले आहे. मराठीत दोन्हीसाठी ‘वीज गेली’ एवढेच म्हटले जाते, जणू ती स्वतःच्या पायांनी निघून गेली! आणि अधिकृत भाषेत ‘भारनियमन’ हा शब्द आहे. त्यात कापणारा नाही, कापणेही नाही. आहे ते केवळ सौम्य ‘नियमन’.

हा भेद भाषाशास्त्रज्ञांपुरता नाही. वीजजाळ्याच्या संचालनशास्त्रात दोन संकल्पना काटेकोरपणे वेगळ्या ठेवल्या जातात. एक पर्याप्तता : मागणीइतकी वीज निर्माण करून ती पोहोचवण्याची क्षमता आहे का? दुसरी सुरक्षितता : एखादी वाहिनी किंवा एखादे जनित्र अचानक बंद पडले, तर उरलेले जाळे तग धरेल का? पहिली कमी पडली तर तुटवडा होतो. दुसरी कमी पडली तर जाळे कोसळते. तुटवड्यावर उपाय म्हणजे क्षमता वाढवणे आणि ती हवी तेथे नेणे. कोसळण्यावर उपाय म्हणजे राखीव क्षमता, संरक्षणव्यवस्था आणि शिस्त. एका रोगाचे औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. सार्वजनिक चर्चेत मात्र दोन्ही रोगांना आजही एकच नाव दिले जाते.

२०१२ हे वर्ष या गोंधळाचा उत्तम नमुना आहे. त्या वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीपासून चेन्नईत रोज दोन तासांची ठरवून केलेली वीजकपात सुरू झाली. तमिळनाडूच्या इतर जिल्ह्यांत ती याहून कितीतरी अधिक होती. त्याच वर्षी ३० जुलैच्या पहाटे २ वाजून ३३ मिनिटांनी उत्तर भारताचे जाळे कोसळले. दुसऱ्या दिवशी दुपारी एकच्या सुमारास उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तिन्ही जाळी एकत्रच कोसळली. ६० कोटींहून अधिक लोकवस्तीचा प्रदेश अंधारात गेला. ‘वीज कमी पडली म्हणून देश अंधारात’ असे सोपे समीकरण तेव्हा मांडले गेले. मात्र ज्या तमिळनाडूत विजेचा तुटवडा तीव्र होता, ते राज्य या महासंकटात कोसळले नाही. तुटवडा आणि कोसळणे ही एकच गोष्ट असती, तर हे घडले नसते.

हे समजण्यासाठी प्रथम वारंवारता समजून घ्यावी लागते. भारतातील प्रत्यावर्ती प्रवाह सेकंदाला ५० आवर्तने करतो. एन्नोरजवळच्या औष्णिक केंद्रातले दोन ध्रुवांचे जनित्र मिनिटाला ३,००० फेरे घेते, ते याच हिशेबाने. एका समकालिक जाळ्यातली सर्व जनित्रे एकाच लयीत फिरतात. मागणी निर्मितीपेक्षा वाढली की ही सर्व जनित्रे किंचित मंदावतात आणि वारंवारता ५० हर्ट्झच्या खाली जाते. निर्मिती वाढली की वर जाते. म्हणजे वारंवारता ही त्या क्षणीच्या जमाखर्चाची उघडी वही आहे. तिरुवल्लिकेणीतल्या खोलीच्या भिंतीवरील सॉकेटमध्येही ती वाचता येते.

समतोल बिघडल्यावर तो सावरण्याचे टप्पेही ठरलेले आहेत आणि प्रत्येकाला नाव आहे. पहिला टप्पा जडत्वाचा. पार्थसारथी मंदिराचा रथ ओढणाऱ्यांपैकी काहींनी दोर सोडला, तरी रथ तत्क्षणी थांबत नाही. आपल्या वस्तुमानामुळे थोडा पुढे जातोच. त्याप्रमाणे जनित्रांच्या अवजड फिरत्या भागांत साठलेली गतिज ऊर्जा पहिले काही सेकंद तूट भरून काढते. दुसरा टप्पा प्राथमिक प्रतिसादाचा. वेग घटल्याचे जाणवताच प्रत्येक टर्बाइनचा गव्हर्नर वाफेची किंवा पाण्याची झडप आपणहून अधिक उघडतो. कुणाच्या आदेशाची वाट पाहत नाही. तिसरा दुय्यम नियंत्रणाचा. भारतात राष्ट्रीय भारप्रेषण केंद्रातला संगणक निवडक वीजकेंद्रांना दर चार सेकंदांनी संदेश धाडतो आणि वारंवारता पुन्हा ५० कडे आणतो. चौथ्या टप्प्यात राखीव संच हाती घेतले जातात, म्हणजे दुय्यम राखीव क्षमता पुढच्या प्रसंगासाठी मोकळी होते. एवढे करूनही घसरण थांबली नाही, तर कमी वारंवारतेवर चालणारे रिले टप्प्याटप्प्याने काही भागांचा पुरवठा आपोआप तोडतात. हा तोडण्याचा प्रकार तुटवड्याचा नसून बचावाचा आहे. काही वस्त्या काही वेळ अंधारात जातात, म्हणून संपूर्ण प्रदेश वाचतो.

३१ जुलै २०१२ रोजी दक्षिणेत नेमके हेच घडले. तेव्हा दक्षिणेचे जाळे उर्वरित देशाशी समकालिक नव्हते. दोहोंमध्ये एकदिश प्रवाहाचे दुवे होते : ओडिशातील तालचेरपासून कर्नाटकातील कोलारपर्यंतची लांब वाहिनी, विशाखापट्टणमजवळचे गाजुवाका आणि महाराष्ट्रातील चंद्रपूर जिल्ह्यातले भद्रावती. भद्रावतीसारख्या केंद्रात प्रत्यावर्ती प्रवाह एकदिश केला जातो आणि त्याच आवारात पुन्हा प्रत्यावर्ती केला जातो. या खटाटोपाचे प्रयोजन असे की वीज पलीकडे जाते, पण वारंवारता जात नाही. त्यामुळे उत्तरेतली पडझड दक्षिणेत शिरली नाही. पूर्वेचे जाळे कोसळल्यामुळे तालचेर–कोलार मार्गाने येणारी वीज मात्र थांबली, वारंवारता घसरली, बचावाच्या रिलेंनी काही भार तोडला आणि दक्षिण तगली.

आणि उत्तर कशाने कोसळली? चौकशी समितीच्या अहवालानुसार ३० जुलैला घटनेपूर्वी वारंवारता ४९.६८ हर्ट्झ होती, ३१ जुलैला ४९.८४. दोन्ही आकडे तेव्हाच्या मान्य पट्ट्यातले. म्हणजे त्या क्षणी जाळ्यात विजेचा मोठा खड्डा पडलेला नव्हता. अडचण वाटेत होती. अनेक वाहिन्या बंद असल्याने पश्चिम आणि उत्तर यांना जोडणारा मार्ग दुबळा झाला होता. उत्तरेकडील राज्ये ठरल्याहून अधिक वीज ओढत होती आणि तिचा सारा भार ४०० किलोव्होल्टच्या बीना–ग्वाल्हेर वाहिनीवर आला होता. दूरस्थ बिघाड ओळखणारा रिले विभवांतराला प्रवाहाने भागतो. उत्तर लहान आले की वाहिनीवर बिघाड झाला असे मानतो. त्या रात्री प्रवाह प्रचंड होता, विभवांतर उतरलेले होते, म्हणून भागाकार लहान आला. बिघाड नसताना रिलेने वाहिनी तोडली. मग भार शेजारच्या वाहिन्यांवर गेला, त्याही तुटल्या आणि पुढचे सारे मोजक्या क्षणांत घडले. राज्यांची बेशिस्त खरी होती. पण तिने घात केला तो वीज संपवून नव्हे, तर एका दुबळ्या वाटेवर असह्य भार टाकून.

तमिळनाडूची रोजची कपात हा याच्या उलट प्रकार होता. तेथे जाळे शाबूत होते आणि वीज अपुरी होती. राज्यातले प्रकल्प रखडले होते, वितरण संस्थेची आर्थिक स्थिती बिकट होती; त्यात भर म्हणजे देशात अन्यत्र वीज उपलब्ध असली, तरी ती दक्षिणेत आणण्याच्या वाटा थोड्या होत्या. वीजबाजारात दक्षिणेचा भाव त्यामुळेच अनेकदा इतर विभागांपेक्षा चढा राही. याला संचालनशास्त्रात वाहिनीची कोंडी म्हणतात. येथे एक विलक्षण विसंगती दिसते. ज्या अलगपणाने ३१ जुलैला दक्षिणेला वाचवले, त्याच अलगपणाने उरलेले वर्षभर तिथला तुटवडा वाढवला. सुरक्षिततेच्या पारड्यात जे वरदान ठरले, तेच पर्याप्ततेच्या पारड्यात ओझे ठरले. दोन्ही पारड्यांना एकच नाव असेल, तर हा व्यवहार दिसणारच नाही.

देशाने अखेर जोडणीचा मार्ग निवडला. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी कार्यान्वित झाली आणि दक्षिणेचे जाळे उर्वरित भारताशी समकालिक झाले. त्या दिवसापासून सोलापूरचा यंत्रमाग आणि तिरुवल्लिकेणीचा पंखा एकाच वारंवारतेवर चालतात. जाळे मोठे झाल्याने एकत्रित जडत्व वाढले, दूरची वीज दक्षिणेत येऊ लागली आणि वाऱ्याच्या हंगामात तमिळनाडूची पवनवीज बाहेर पाठवणे सोपे झाले. त्याचबरोबर एका टोकाचा धक्का दुसऱ्या टोकाला जाणवण्याची शक्यताही जोडली गेली. हा सौदा योग्यच होता. पण तो सौदा होता, याची जाणीव सामान्य वाचकाला कितपत करून दिली गेली, हा प्रश्न राहतोच.

गल्लत मुळात का झाली, याचेही कारण आहे. १९९० च्या दशकात दक्षिणेच्या जाळ्याची वारंवारता ४८.५ हर्ट्झच्याही खाली तासन्‌तास रेंगाळत असे. तुटवडा इतका जुनाट होता की तो वारंवारतेतच दिसे आणि जाळे सदैव कोसळण्याच्या काठावर असे. दोन्ही रोग एकाच वेळी अंगात असल्याने ते वेगळे ओळखण्याची गरज भासली नाही. पुढे भानू भूषण यांच्या संकल्पनेतून उपलब्धता-आधारित दरपद्धती आली. पश्चिम विभागात ती १ जुलै २००२ पासून, तर दक्षिणेत १ जानेवारी २००३ पासून लागू झाली. वारंवारता खाली असताना ठरल्यापेक्षा अधिक वीज ओढणाऱ्याला चढा दर पडू लागला आणि वारंवारता हळूहळू शिस्तीत आली. आज मान्य पट्टा ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ इतका अरुंद आहे. रोग वेगळे झाले, त्यांची नावे मात्र मागेच राहिली.

याचे दोन अलीकडचे दाखले चेन्नईतच सापडतात. २०२१ मध्ये राज्याच्या तत्कालीन वीजमंत्र्यांनी वीज खंडित होण्याच्या कारणांत वाहिन्यांवर धावणाऱ्या खारींचा उल्लेख केला आणि समाजमाध्यमांवर थट्टेला ऊत आला. तांत्रिकदृष्ट्या त्यात हसण्यासारखे थोडेच होते. खारीमुळे वाहिनीवर बिघाड होणे ही जगभरची जुनी डोकेदुखी आहे. अमेरिकेतील नॅसडॅक शेअरबाजाराचे व्यवहार १९८७ आणि १९९४ साली खारींमुळेच थांबले होते. खरा प्रश्न निराळा होता : त्या दिवसांतली वीज मिन्तडैमुळे गेली होती की मिन्वेट्टुमुळे? खार पहिल्याचे कारण असू शकते, दुसऱ्याचे नाही. हा प्रश्न नीट विचारला गेला असता, तर थट्टेऐवजी उत्तर मागता आले असते.

दुसरा दाखला १२ सप्टेंबर २०२४ च्या रात्रीचा. मनली येथील उपकेंद्रात आग लागली आणि चेन्नईचा मोठा भाग अंधारात बुडाला. निर्मिती पुरेशी असूनही वाट तुटली होती. पर्यायी मार्गांनी काही तासांत पुरवठा क्रमाक्रमाने पूर्ववत झाला. अशा रात्री ‘आणखी वीजकेंद्रे उभारा’ ही मागणी निरर्थक असते. योग्य प्रश्न असा की शहराला पुरवठा करणाऱ्या महत्त्वाच्या उपकेंद्रांपैकी कोणतेही एक बंद पडले तरी शहर चालू राहील, अशी रचना आहे का? अभियंते याला ‘एन वजा एक’ निकष म्हणतात : एकूण घटकांतला एक वजा झाला तरी उरलेल्यांनी भार पेलावा. या निकषाचे नाव ज्याला ठाऊक आहे, तोच नागरिक हा प्रश्न विचारू शकतो.

पुढच्या काळात ही नावे अधिकच आवश्यक ठरणार आहेत. ३० मे २०२४ रोजी देशाची कमाल मागणी २५० गिगावॅटवर पोहोचली आणि ती भागवलीही गेली. ही बातमी पर्याप्ततेची होती आणि अभिमानास्पदही होती. परंतु सुरक्षिततेविषयी ती काहीच सांगत नाही. उलट, ५ एप्रिल २०२० च्या रात्री नऊ वाजता देशाने नऊ मिनिटे दिवे मालवले, तेव्हा विजेची कमतरता मुळीच नव्हती. मागणी सुमारे ३१ हजार मेगावॅटने घटणे हेच आव्हान होते. मुख्यतः जलविद्युत केंद्रांची निर्मिती झपाट्याने उतरवून आणि पुन्हा चढवून संचालकांनी वारंवारता ४९.७० ते ५०.२६ हर्ट्झ यांच्या दरम्यान राखली. ती रात्र निव्वळ सुरक्षिततेची परीक्षा होती.

२८ एप्रिल २०२५ रोजी भर दुपारी स्पेन आणि पोर्तुगालचे जाळे कोसळले, तेव्हाही सौरवीज भरपूर होती. लगोलग ‘सौरऊर्जेने घात केला’, ‘जडत्व कमी पडले’ असे निवाडे दिले गेले. युरोपीय तज्ज्ञांच्या तपासात मात्र आटोक्याबाहेर चढलेल्या विभवांतराची साखळी समोर आली. वारंवारता आणि विभवांतर ही दोन स्वतंत्र नियंत्रणे आहेत : पहिले सक्रिय शक्तीच्या समतोलावर आणि दुसरे मुख्यतः प्रतिघाती शक्तीच्या समतोलावर अवलंबून असते. पहिले सर्व जाळ्याला समान, दुसरे ठिकाणागणिक वेगळे. हा फरक ठाऊक नसेल तर सौरऊर्जेचे समर्थक आणि विरोधक दोघेही चुकीच्या मुद्द्यावर भांडत राहतात. भारतातही सौर आणि पवन यांचा वाटा वाढतो आहे. त्यांचे इन्व्हर्टर फिरत्या जनित्राप्रमाणे आपोआप जडत्व देत नाहीत. तसा प्रतिसाद त्यांच्या नियंत्रणात मुद्दाम घडवावा लागतो. दुपारी सौरवीज कमी करायला लावल्याची बातमी आली की ‘वीज वाया घालवली’ असा संताप होतो. तो कधी रास्त असतो, कधी नसतो. वाहिनी अपुरी असल्याने वीज रोखली असेल, तर ते नियोजनाचे अपयश आहे. संध्याकाळच्या चढासाठी औष्णिक संच किमान पातळीवर चालू ठेवायचे असल्याने रोखली असेल, तर प्रश्न साठवणुकीचा आहे. कारणाचे नाव कळल्याखेरीज संतापाला दिशा मिळत नाही.

उकाड्यात तळमळणाऱ्या माणसाला या परिभाषेशी काय देणेघेणे, त्याचा पंखा सुरू झाला म्हणजे पुरे, असा आक्षेप घेतला जाईल. पण त्या माणसाला परिभाषेची गरज सर्वांत जास्त आहे. पंखा वितरणातल्या बिघाडाने थांबला असेल तर दार स्थानिक वीज कार्यालयाचे ठोठवावे लागते; वाहिनीच्या कोंडीने थांबला असेल तर पारेषण नियोजनाचे; तुटवड्याने थांबला असेल तर राज्याच्या धोरणाचे; आणि बचावाच्या रिलेने थांबला असेल तर कदाचित कुणाचेच नाही, कारण त्या क्षणी त्याच्या अंधाराने लाखोंचा उजेड राखलेला असतो. सगळ्यांना ‘वीज गेली’ म्हटले की सगळेच उत्तरदायित्वातून सुटतात. ‘भारनियमन’ या शब्दाने ग्रामीण महाराष्ट्रात नेमके हेच केले. तासन्‌तासांची कपात एका प्रशासकीय शब्दाआड झाकली गेली आणि जाळ्याच्या रक्षणासाठी काही मिनिटे केलेली तोडही त्याच शब्दात कोंबली गेली.

म्हणून मराठीने तरी हे दोन अर्थ वेगळे करावेत. तुटवड्यामुळे वेळापत्रक लावून केलेल्या कपातीला सरळ ‘तुटवडा-कपात’ म्हणावे. जाळे वाचवण्यासाठी आपोआप झालेल्या तोडीला ‘बचाव-कपात’ म्हणावे. उपकरणाच्या दोषाला ‘बिघाड’ म्हणावे आणि संपूर्ण जाळे पडले तरच ‘कोसळले’ म्हणावे. वितरण संस्थांनी ग्राहकाला पाठवायच्या संदेशात या चारांपैकी एक शब्द असणे सहज शक्य आहे. कारण कोणत्या रिलेने केव्हा पुरवठा तोडला याची नोंद बहुतेक उपकेंद्रांत होतच असते. वृत्तपत्रांनी मथळा देण्यापूर्वी एवढे विचारणेही कठीण नाही. शाळेच्या भौतिकशास्त्रात जडत्व आणि वारंवारता दोन्ही शिकवली जातात. त्यांच्यासोबत देशाच्या जाळ्याचे एखादे उदाहरण आले, तर विद्यार्थ्याला सूत्राचा उपयोग घरातल्या दिव्यापाशीच सापडेल.

१८७८ साली तिरुवल्लिकेणीतल्या सहा तरुणांनी ‘द हिंदू’ हे पत्र सुरू केले. उच्च न्यायालयावर टी. मुत्तुस्वामी अय्यर यांची नेमणूक झाली, तेव्हा इंग्रजी पत्रांनी केलेल्या टीकेला योग्य शब्दांत उत्तर द्यावे, ही त्यामागची प्रेरणा होती. सार्वजनिक प्रश्नावर नेमका शब्द वापरणे हेही नागरिकाचे काम आहे, असे त्यांना वाटले. त्याच वस्तीत आज रात्री एखादा पंखा थांबला आणि खोलीतल्या विद्यार्थ्याने ‘वीज कधी येणार?’ याच्या आधी ‘ती कशामुळे गेली?’ असे विचारले, तर ते काम पुढे चालू आहे असे म्हणता येईल.